खांबेट्यांच्या ताब्यातलं चाक

लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नसेल तर माणसं ते फडक्यात धरून पिरगाळतात, बरणी उलटी करून बुडावर थापट्या मारतात किंवा घरातल्या दणकट माणसाला हाक मारतात. शरच्चंद्र खांबेटे बरणी कानाला लावतात.

"कुणी धरलंय?" ते बरणीला विचारतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळेल का, हे विचारायला गेले होते. खांबेटे बरणी गोल फिरवत होते, नखाने झाकणावर टिचक्या मारत होते आणि मधूनमधून डोळे मिटत होते. शेवटी कुमुदकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली, गरम पाण्यात उपडी धरली आणि झाकण उघडून मला कैरीची फोड दिली.

"मिठाने धरलं होतं," खांबेटे झाकणाची आतली बाजू तपासत म्हणाले.

"मिठाने नाही, मी धरलं होतं. घट्ट लावलं नाही तर तुम्ही दुपारी बोटं घालता."

घर मला मिळालं. यशवंतपूरच्या बाजाराचा आवाज जिथे जेमतेम पोहोचतो अशा एका गल्लीत ते आहे. खांबेटे एका सरकारी यंत्र-कारखान्यात प्रॉडक्शन खात्यात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात ते मराठी बोलतात, पण इथल्या इतक्या वर्षांच्या वास्तव्याने मधे कन्नडमधलं 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, पेरलेलं असतं. मी आधी एका वर्तमानपत्रात होते, हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही. मला ते 'वार्ताहर' म्हणतात.

त्यांचा सिद्धांत असा की जगात कुठलीही वस्तू आपणहून अडकत नाही. तिला कुणीतरी धरलेलं असतं. गंजाने, चिकटाने, हवेने, नाहीतर माणसाने. धरणारा सापडला की वस्तू सुटते. तो सापडायच्या आत जोर लावणं हा त्यांच्या मते रानटीपणा. त्यांच्याकडे हातोडा आहे, पण तो कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली काकूंकडे असते. "हातोडा उचलला म्हणजे आपल्याला काही कळलेलं नाही असं लेखी दिल्यासारखं आहे," असं ते मला दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी भिंतीत खिळा ठोकत होते.

हाच सिद्धांत ते रस्त्यावरही लावतात. एकदा मी, काकू आणि ते रिक्षाने मारतहळ्ळीला एका लग्नाला निघालो होतो. रिंग रोडवर वाहनं थांबली. सगळ्यांनी मोबाइल काढले. खांबेटे रिक्षातून उतरले.

"स्वल्प थांबा. कुणी धरलंय ते बघून येतो."

"सार, मीटर ओडता इदे!" रिक्षावाला ओरडला. मीटर पळतोय, हे त्याने सांगितलं, पण खांबेटे तोवर गाड्यांच्या फटीतून दिसेनासे झाले होते. परत आले ते समाधानाने. पुढे एक काँक्रीटची गाडी वळण घेताना अडकली होती, आणि ती हलत नव्हती कारण तिच्यामागच्या बसचा ड्रायव्हर मागे यायला तयार नव्हता. "बसने धरलंय," त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये समजावलं. वाहतूक त्याने एक इंचही पुढे सरकली नाही. पण रिक्षावालाही थोडा शांत झाल्यासारखा दिसला, हे नोंदवायला हवं.

हे सगळं मजेचं होतं. मला कुतूहल वाटायला लागलं ते चाकामुळे.

खांबेट्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. तिथे लोखंडी बाक आहे, बाकाला बोल्टने आवळलेला एक भक्कम वाइस आहे, म्हणजे वस्तू जबड्यात पकडून ठेवायचं यंत्र, आणि भिंतीवर सायकलचं एक मागचं चाक टांगलेलं आहे. चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी: 'काम चालू'. पुठ्ठा पिवळा पडला होता. वाइसच्या जबड्यात नारळ होता.

"वाइसचा उपयोग फक्त नारळासाठी?" मी विचारलं.

"सध्या."

"आणि हे चाक कुणाचं?"

खांबेट्यांनी वाइसचा पिळा आवळला. करवंटी तडकली. पाणी खालच्या पातेल्यात पडलं.

उत्तर काकूंनी दिलं. चाक समोरच्या सेतुरावांचं होतं.

सेतुराव गल्लीच्या पलीकडे राहतात. त्याच कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते. प्रॉडक्शनने नग बनवायचा आणि इन्स्पेक्शनने तो मोजून पास किंवा रिजेक्ट करायचा, ही तिथली रीत. सेतुरावांनी सबंध नोकरीत खांबेट्यांचा एकही नग पहिल्या फेरीत पास केला नाही. खांबेट्यांनी प्रत्येक रिजेक्टवर भांडण केलं. संध्याकाळी दोघं एकाच बसने घरी येत आणि भांडण बसमध्ये पूर्ण करत. पुढे घरंही समोरासमोर घेतली. निवृत्तीनंतर दर रविवारी पहाटे दोघं सायकलने सँकी तलावाला चक्कर मारून, इडली खाऊन परत येत.

सेतुरावांची सायकल साधी नव्हती. तरुणपणी कारखान्याने त्यांना परदेशी प्रशिक्षणाला पाठवलं होतं, तिथून त्यांनी ट्रंकेत घालून हे मागचं चाक आणलं. त्याच्या हबच्या, म्हणजे मधल्या जाड भागाच्या, पोटात तीन गिअर लपलेले आहेत. बाहेरून काही दिसत नाही. हबच्या बाजूला फ्रीव्हील बसवलेलं असतं. चेन चढते ती दातेरी चकती. पायडल थांबवलं तरी चाक टिकटिक करत फिरत राहतं ते तिच्यामुळे. चार वर्षांपूर्वी या फ्रीव्हीलचे दाते झिजले आणि चढावर चेन सटकायला लागली. चकती बदलायला हवी होती. दोन दुकानदारांनी हब बघून हात जोडले. मग चाक खांबेट्यांच्या बाकावर आलं.

आता इथे थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवतात, आणि पायडलचा प्रत्येक फेरा ते आणखी आवळतो. म्हणजे सेतुरावांनी जितकी वर्षं सायकल चालवली तितकी वर्षं ते घट्ट होत गेलेलं. काढायची पद्धत सोपी आहे. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं एक टूल असतं. एकाने ते पान्याने पक्कं धरायचं, दुसऱ्याने चाक बसच्या स्टिअरिंगसारखं फिरवायचं. आटे सुटतात.

त्या रविवारी काय झालं, याबद्दल मी दोन्ही बाजू ऐकल्या. सवय जात नाही.

खांबेट्यांची बाजू: "मी म्हटलं, टूल वाइसमध्ये धरू. तो म्हणाला, वाइसचे दात टूलवर उमटतील, नग खराब होईल, मी धरतो. बरं, धर. मी चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. मी ओरडलो, निघालं! बघतो तर फ्रीव्हील जिथल्या तिथे. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. चाक फिरतं, फ्रीव्हील निघत नाही. याचा अर्थ एकच. तो धरत नव्हता. सोडत होता."

सेतुरावांची बाजू मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकली. तिथे त्यांची सायकल भिंतीला टेकून उभी होती, मागच्या चाकाशिवाय, विटांवर. पत्नी गेल्यापासून ते एकटे राहतात. कॉफी त्यांनी स्वतः केली.

"डाव्या हाताने देतोय मॅडम, राग मानू नका. उजवा माझा नावापुरता आहे." त्यांचं मराठी खांबेट्यांकडूनच उचललेलं, कारखान्यातलं. "नोडी, बघा, मी सोडलं नाही."

"मग चाक फिरलं कसं?"

"ते प्रॉडक्शनला विचारायचं."

दोन्ही बाजू बाकी सगळ्या तपशिलांत जुळत होत्या. खांबेटे पुढे काय बोलले, तेही दोघांनी सारखंच सांगितलं, फक्त खांबेट्यांनी ते खाली बघून सांगितलं. वाक्य असं होतं: "जन्मभर दुसऱ्याने केलेल्या कामावर शिक्के मारलेस तू. स्वतःच्या हाताने काही धरून ठेवायची सवय आहे का तुला?"

सेतुरावांनी पाना बाकावर त्याच्या जागी ठेवला, हात धुतले आणि ते घरी गेले. त्यानंतर दोघं बोललेले नाहीत. काकूंचा डबा गल्ली ओलांडतो, त्याच डब्यातून सेतुरावांकडची चटणीपुडी परत येते. चाक मात्र इकडे आणि सायकल तिकडे. सेतुराव चाक मागत नव्हते, कारण इन्स्पेक्शन कधी माल मागायला जात नाही. खांबेटे ते देत नव्हते, कारण काम पुरं झाल्याशिवाय माल खात्याबाहेर जात नाही. खांबेट्यांची स्वतःची सायकल, जिला काहीच झालेलं नव्हतं, तीही गॅरेजच्या कोपऱ्यात हवा गेलेल्या टायरांवर उभी होती.

एका मुद्द्यावर दोन साक्षी जुळत नसतील तर तिसरा साक्षीदार शोधायचा. इथे तो भिंतीवर टांगलेला होता.

"हे निघणार तरी कसं आहे?" मी एक दिवस खांबेट्यांना चाकाबद्दल विचारलं. प्रश्न यंत्राचा असला की ते उत्तर देतात.

त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. हब उघडून, ज्या आतल्या भागावर फ्रीव्हील बसतं तो भाग फ्रीव्हीलसकट बाहेर काढून त्यांनी डब्यात तेलात ठेवला होता. मग फडक्यात गुंडाळलेलं एक अवजार काढलं. पोलादी नळी, एका टोकाला कोरलेले चार दात, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ. मुठीला बोटांसाठी खाचा आणि अंगठ्यासाठी खळगा. लाकूड इतकं घासलेलं की हात लावावासा वाटावा.

"हे आतून घालायचं. एकाने याने आतला भाग धरायचा, दुसऱ्याने बाहेरून फ्रीव्हील फिरवायचं. बाहेरचं चाक धरून काही होत नाही. हबच्या पोटात आणखी एक फ्रीव्हील असतं, दिसत नाही. हा आतला भाग पुढे जाताना हबला धरतो. उलटा फिरवला की मोकळा सुटतो. नुसता फिरत राहतो, टिकटिक करत."

"उलटा फिरवला की मोकळा," मी म्हटलं. "म्हणजे त्या रविवारी सेतुरावांनी धरलं होतं."

खांबेट्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"कुणीच सोडलं नव्हतं," मी म्हटलं. "हबनेच सोडलं."

"वार्ताहर, तुम्हाला ऑफिसला उशीर होत नाही का?"

रविवार होता.

"त्याच संध्याकाळी कळलं होतं त्यांना," काकू नंतर स्वयंपाकघरात म्हणाल्या. "हब उघडलं आणि बघतच बसले. जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, जा, सांगून या. तर म्हणे, रिकाम्या हाताने कसा जाऊ, चाक दुरुस्त करून घेऊन जातो. मग ते अवजार करायला घेतलं. ते झालं, तर ते वापरायला दोन माणसं लागतात!"

"दुसरं माणूस तुम्ही होऊ शकता की."

"मला धरता येत नाही म्हणतात. इस्त्रीवाल्यालाही येत नाही म्हणाले. तू बघ हवं तर."

मी बघितलं. अवजार खरंच हातात बसत नव्हतं. खाचा बोटांखाली येत नव्हत्या, अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला होता आणि मनगट पिळवटत होतं. खांबेट्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "जमत नाही तुम्हाला." इतका काटेकोर माणूस इतकी गैरसोयीची मूठ कशी बनवतो, हे मला कळेना. आणि दुसरा प्रश्न त्याहून साधा होता.

"वाइस आहे की. नळी वाइसमध्ये धरा. दुसरं माणूस लागणारच नाही. एकट्याने होईल."

"वाइसला स्पर्श कळत नाही," ते म्हणाले. "किती धरायचं ते त्याला समजत नाही. आतला भाग तडकेल."

नारळाच्या बाबतीत हे खरं होतं. नळी पोलादाची होती.

मग पावसाळ्यानंतर बातमी आली. सेतुराव घर भाड्याने देऊन मुलीकडे व्हाइटफील्डला राहायला जाणार. बाहेरच्या वाचकांना वाटेल, एकाच शहरात तर जाणार. मी रोज यशवंतपूरहून व्हाइटफील्डला नोकरीला जाते, मॅजेस्टिकला मेट्रो बदलून, आणि तिथल्या सहकाऱ्यांपैकी कुणी या बाजूला आल्याचं मला आठवत नाही. तिकडे गेलेला माणूस लग्नाकार्यात भेटतो. ज्याच्याशी बोलणं नाही तो तिथेही भेटत नाही. हे खांबेट्यांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्यांनी कुठल्याच वस्तूला काही विचारलं नाही. लोणच्याची बरणी समोर आली तर ती न बोलता काकूंकडे सरकवली.

सामान हलवणारी माणसं रविवारी सकाळी आली. खांबेटे फाटकाशी उभे होते. मी वरच्या गॅलरीत होते. पलंग गेला, कपाट गेलं, देवघर पांढऱ्या धोतरात बांधून गेलं. मग एकाने बिनचाकाची सायकल उचलली आणि हे काय करायचं, असं विचारलं.

"गुजरी," सेतुराव म्हणाले. भंगार.

माणसाने सायकल रस्त्याच्या कडेला रद्दीच्या गठ्ठ्यांवर टाकली. पुढचं चाक थोडा वेळ फिरत राहिलं.

खांबेटे आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ते फडक्यातलं अवजार होतं. त्यांनी गल्ली ओलांडली. मी जिना उतरून खाली आले, काकू माझ्या आधी फाटकाशी पोहोचल्या होत्या.

खांबेट्यांनी फडकं उलगडून अवजार पुढे केलं.

"इन्स्पेक्शनला आणलंय," ते म्हणाले.

कारखान्यात नियम होता. नवीन अवजार इन्स्पेक्शनने बघितल्याशिवाय वापरायचं नाही. आणि समोर आलेला नग हातात न घेता परत पाठवायचा नाही, हा इन्स्पेक्टरांचा आपसातला, न लिहिलेला नियम. सेतुरावांनी खिशातून चष्मा काढला. नळीचे दात उजेडात धरून पाहिले. मग मूठ हातात घेतली.

डाव्या हातात घेतली. चारही बोटं खाचांत बसली. अंगठा खळग्यात गेला. मनगट सरळ राहिलं.

त्यांनी अवजार उजव्या हातात घेऊन पाहिलं. बसलं नाही. पुन्हा डाव्यात घेतलं.

"मूठ उलटी आहे," ते म्हणाले.

"ड्रॉइंगप्रमाणे आहे," खांबेटे म्हणाले.

सामानवाल्याने गाडीतून हाक मारली. सेतुरावांनी ती ऐकली नाही. "ट्रायल घेतल्याशिवाय शेरा देता येत नाही," ते म्हणाले आणि आमच्या बाजूला चालू लागले. जाताना त्यांनी सामानवाल्याला सायकलकडे बोट दाखवून सांगितलं, ती भंगारात नाही, समोरच्या गॅरेजमध्ये.

बाकाशी दोघं ज्याच्या त्याच्या जागी उभे राहिले. आपली जागा कुठली, हे कुणाला विचारावं लागलं नाही. खांबेट्यांनी डब्यातून फ्रीव्हीलचा तो गोळा काढला, तेल पुसलं. सेतुरावांनी नळी आत घातली. खांबेट्यांनी पाना लावला.

"धर."

"धरलंय."

खांबेट्यांनी जोर लावला नाही. पान्यावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

"त्या दिवशीही धरलं होतंस," ते पान्याकडे बघत म्हणाले.

"गोत्तु," सेतुराव म्हणाले. ठाऊक आहे. "टिकटिक ऐकली होती मी."

"मग बोलला का नाहीस?"

"प्रॉडक्शनची चूक प्रॉडक्शनने कबूल करायची. इन्स्पेक्शन फक्त थांबतं." मग मूठ आणखी आवळत, "स्वल्प जास्तच थांबलो."

"फिरवू?"

"फिरव."

कट्, असा आवाज आला. काकूंनी माझा दंड पकडला. फ्रीव्हील एका केसाएवढं हललं होतं. आणखी एक हिसका, आणि आट्यांच्या कडेला गंजाची तांबडी रेघ दिसली. इतक्या वर्षांचं आवळलेलं सुटलं होतं. आता बोटांनी फिरवलं असतं तरी निघालं असतं.

"थांब," सेतुराव म्हणाले.

त्यांनी नळी बाहेर काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि दातांजवळच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"कड हाताला लागते. बर राहिलाय. रिजेक्ट."

बर म्हणजे कडेवर राहिलेली धातूची खरखरीत धार. खांबेट्यांनी जन्मभर प्रत्येक रिजेक्टवर भांडण केलं होतं. आम्ही वाट बघितली.

"बरं," खांबेटे म्हणाले.

"घासून ठेव. पुढच्या रविवारी परत तपासतो. तोवर फ्रीव्हील काढायचं नाही." सेतुरावांनी हात पुसले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, व्हाइटफील्डहून रविवारी पहिली मेट्रो कधी असते?"

मी सांगितलं. मॅजेस्टिकला कुठल्या बाजूने उतरून गाडी बदलायची, तेही सांगितलं. ते गाडीत बसून गेले. खांबेटे आत आले, कपाटातून बारीक कानस शोधू लागले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मी बाकावरचं अवजार उचललं आणि सेतुरावांनी जिथे अंगठा फिरवला होता त्या कडेवरून बोट फिरवलं. मग नीट, सावकाश, पुन्हा फिरवलं. कड आरशासारखी गुळगुळीत होती.

"पण खांबेटेकाका, इथे तर काहीच—"

कुमुदकाकूंनी वाइसमधून नारळाची अर्धी करवंटी काढली, सुरीने खोबऱ्याचा एक मोठा तुकडा उचकटला आणि माझ्या हातातलं अवजार काढून घेऊन त्या जागी तो ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या.